चार वाजताची सही

विजापूर रोडच्या मागच्या वस्तीत पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं, की बसव्वाच्या घरात कुणाला बसून राहायची सोय नसे. एप्रिलमधला तो गुरुवार तसाच होता. सकाळी सहालाच तिने पिंप, घागरी, कळशा, अगदी कडी तुटलेली बादलीसुद्धा ओळीने मांडली होती. रजेवर आलेला तिचा मुलगा, हवालदार विरेश, लुंगी खोचून रबरी नळी एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवत होता. त्याचे वडील विरुपाक्ष सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झालेले. ते ओट्यावर खुर्ची टाकून हुकूम सोडत होते. निवृत्तीला बावीस वर्षं झाली, पण हुकूम सोडायची हौस काही निवृत्त झाली नव्हती.

सून श्रीदेवी भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन साडेआठला बाहेर पडली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती शाळेचे गणवेश शिवायची. पाणी भरून संपलं, बसव्वा स्वयंपाकाला लागली आणि रोजची कुरबूर सुरू झाली.

"विरू, खिडकी लाव. गॅस विझतोय बघ सारखा."

"विझू दे, अव्वा. पण खिडकी उघडी राहू दे."

यंदा रजेवर आल्यापासून त्याचं हे एक नवीनच खूळ होतं. घरात कुठलीही खिडकी बंद दिसली, की तो उठून उघडायचा. बायको सुट्टीच्या दुपारी जरा डोळा लागून पडली, तरी येऊन तिचा श्वास चालू आहे का बघायचा. बसव्वाला वाटायचं, बर्फातून आलाय, होईल हळूहळू नीट. काय झालंय ते घरात कुणीच विचारलं नाही. फौजी माणसाला विचारायचं नसतं, हे त्या घराने एका पिढीपासून पाळलं होतं.

साडेदहाच्या सुमाराला दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोईवरचा पदर घट्ट धरलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. विरेशने तिला पाहिलं आणि हातातला पेपर घडी न घालताच खाली ठेवला. ती सोनाली होती, मोहोळ तालुक्यातल्या एका गावची. तिचा नवरा धनाजी विरेशच्याच तुकडीत जवान होता. जानेवारीत त्याची शवपेटी घेऊन विरेशच गावी आला होता. तेव्हा सगळा गाव लोटला होता, 'अमर रहे'च्या घोषणा झाल्या होत्या, रस्ताभर फ्लेक्स लागले होते.

बसव्वाने पाणी दिलं, चहा ठेवला. सोनालीने पिशवीतून एक कागद काढला.

"दादा, हे पत्र आलंय. शाळंतल्या सरांकडनं वाचून घेतलं. ह्यात म्हणत्यात, ते पहाऱ्यावर असताना झोपलं, सवताच्या चुकीनं मेलं."

विरेशने कागद घेतला, पण वाचला नाही. त्यात काय आहे, ते त्याला पाठ होतं.

"गावात काय चाललंय, तुमाला म्हाईत न्हाय," ती खाली बघतच म्हणाली. "तवा सगळी म्हणाली, चौकात त्यांच्या नावाची कमान बांधू. विटाबी येऊन पडल्या व्हत्या. आता त्या विटा नेऊन एकानं गोठा बांधला. म्हणत्यात, झोपलेल्या माणसाची कमान कसली. माझी पोरगी शाळंत जायाला नको म्हणती."

मग ती म्हणाली, "मोटारीला रातीची लाईट असायची, तवा पिकाला पाण्याचं दारं धराया ते रात रात उभं ऱ्हायचं. कदी बांधावर टेकलं न्हाईत. तुमी तितं व्हता, दादा. मला बाकी काय बी नको. एवढंच सांगा, ते पहाऱ्यावर झोपलं व्हतं का?"

विरेशने बाहेर भरून ठेवलेल्या पिंपाकडे पाहिलं.

"चौकशी अजून संपली नाही, वहिनी. मला बोलता येत नाही."

सोनालीने चहा अर्धाच घेतला. जाताना बसव्वाने तिच्या पिशवीत चार भाकऱ्या आणि चटणीची पुडी घातली. ती नको म्हणाली नाही. विरेश फाटकापर्यंतही गेला नाही.

आता ती चौकशी कसली आणि त्या माणसाची जीभ का वळेना, ते सांगायला हवं. आणि एक आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत कुणी दुष्ट नाही. दुष्ट कुणी असता, तर त्याला चार शिव्या घालून आपल्याला मोकळं होता आलं असतं.

उत्तरेतल्या त्या बर्फातल्या चौकीवर तंबूत रॉकेलची शेगडी पेटते. जवान तिला बुखारी म्हणतात. तिचं धुराडं बर्फाने बुजलं, की विषारी वायू तंबूतच साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस खोकतसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या चौकीवरचे दोघे असे मरता मरता वाचले. विरेशच्या तुकडीचे तेव्हाचे मेजर तरुण होते आणि विचार करणारे होते. धोका आधी ओळखायचा कसा, तो टाळायचा कसा, याचं रीतसर शिक्षण घ्यायला त्यांनी विरेशला पाठवलं आणि परत आल्यावर मोकळा हात दिला.

विरेशने काय केलं? रोज संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना दहा मिनिटं एकत्र बसवलं आणि एकच प्रश्न विचारला : आज रात्री आपल्यातला एक जण मेला, तर तो कशाने मेला असेल? पहिला आठवडा कुणी तोंड उघडलं नाही. उघडणार कसं? भीती बोलून दाखवली, की तो डरपोक, एवढं एकच शिक्षण आपण मुलग्यांना घरात, शाळेत आणि मैदानावर न चुकता देतो. शेवटी धनाजी उठला. म्हणाला, "साहेब, आमच्या तंबूचं धुराडं वाऱ्याच्या तोंडाला हाय. बर्फ आत शिरतंय." बाकीचे हसले. विरेश हसला नाही. तो उठला आणि धनाजीला घेऊन धुराड्याचं तोंड फिरवून आला.

त्यानंतर मात्र माणसं बोलू लागली. कुणाचा दोर झिजला होता, कुणाला दोन दिवस चक्कर येत होती. एक साधी वही केली, तिच्यावर नाव टाकलं 'थोडक्यात वाचलो'. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावं, कुणी कुणाला बोल लावायचा नाही. रात्री प्रत्येक तंबूत दोन-दोन तासांनी एक जण जागा राहायचा. चार महिन्यांत कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही.

मग त्या वहीचं कौतुक झालं आणि तिथेच घात झाला.

मेजरसाहेबांची बदली झाली. साध्या वहीच्या जागी वरून छापील नोंदवही आली. तिच्यात चौदा रकाने होते आणि दर दोन तासांनी सही करायची होती. ती भरायलाच पाऊण तास लागायचा, म्हणून संध्याकाळची दहा मिनिटं बंद पडली. तपासणीला येणारे वही तपासायचे, धुराड्याकडे वर मान करून कुणी बघायचं नाही. धुराडं बुजलेलं सापडलं तर कुणाला काही होत नव्हतं. सही राहिली तर अख्ख्या तुकडीला शिक्षा होती. दिवसभर बर्फ उपसून पोरं मेटाकुटीला आलेली असायची. एका रविवारी सुभेदारसाहेब विरेशला म्हणाले, "झोपू दे रे त्यांना जरा. आठवड्याच्या सह्या आजच घेऊन टाक."

विरेशलाही ती दयाच वाटली. दुपारच्या उन्हात तो वही घेऊन बसला. एकोणतीस जणांनी रांगेत येऊन सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंतच्या सह्या केल्या, तिसावी त्याची स्वतःची. पुढे तो रिवाजच पडला. कागदावर रात्रभर डोळ्यांत तेल घालून पहारा चालायचा आणि तंबूत सगळे गाढ झोपलेले असायचे.

जानेवारीतल्या एका बुधवारी बर्फ जास्त पडलं. धनाजीच्या तंबूतले दोघे बेशुद्ध सापडले, ते वाचले. धनाजी वाचला नाही. तो रात्री दोनच्या सुमाराला गेला असावा, असं डॉक्टरांनी लिहिलं. नोंदवहीत त्या तारखेला पहाटे चारची नोंद होती : 'धुराडं मोकळं. हवा ठीक. सर्व कुशल.' खाली धनाजीची सही.

चौकशीसमोर तेवढं एकच पान ठेवलं गेलं. पहाऱ्यावरच्या जवानाने आधीच सही करून ठेवली आणि तो झोपी गेला, असा त्याचा अर्थ लावला गेला. विरेशला एकच प्रश्न विचारला : ही सही धनाजीची आहे का? तो म्हणाला, "आहे." खोटं एक अक्षर बोलला नाही. आणि त्या एका खऱ्या शब्दाने त्याने मेलेल्या मित्राला गुन्हेगार केलं.

जादा निवेदन द्यायला एप्रिलअखेरपर्यंत मुदत होती. सह्या आपणच गोळा केल्या, पहारा मुळात नव्हताच, हे विरेशने लिहून दिलं, तरच धनाजीवरचा डाग पुसला जाणार होता. पण नायब सुभेदाराच्या बढतीच्या यादीत त्या वर्षी विरेशचं नाव होतं. विरुपाक्षांना सतरा वर्षं फौजेत घालवून जो तारा खांद्यावर मिळाला नाही, तो मुलाच्या खांद्यावर बघायला ते टपलेले होते.

सोनाली येऊन गेली, त्याच दिवशी संध्याकाळी श्रीदेवी कामावरून आली. पाय धुऊन पाटावर बसली आणि हसतच सांगू लागली.

"आज तर गंमतच झाली की अत्ती. सुपरवायझर वही घेऊन आला. आग लागली तर कसं पळायचं, त्याची तालीम म्हणे दर महिन्याला. जानेवारी ते डिसेंबर, बारा सह्या एकदम घेतल्या. मी म्हणलं, डिसेंबरची तालीम एप्रिलातच झाली का ओ? तर म्हणतोय, कर लवकर, मशीन थांबलंय."

सासूही हसली. विरेशच्या हातातला घास हातातच राहिला.

"केल्यास?"

"सगळ्यांनीच केल्या की."

"मागचं दार उघडं असतं?"

"त्याच्यापुढं कापडाचे गठ्ठे असतात. का ओ, असं का बघताय?"

विरेशने ताट बाजूला सारलं. आणि जानेवारीपासून जे पोटात होतं, ते त्याने जेवणाच्या त्या पंगतीत सगळं सांगून टाकलं. रविवारची दुपार, वही, रांग, चारची सही, सकाळी सोनालीला दिलेलं उत्तर. सांगताना त्याला रडू आलं आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

विरुपाक्षांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तीस जणांच्या सह्या होत्या ना? मग तीस जणांना बोलू दे. तूच का?"

"वही माझ्या हातात होती, अप्पा."

"मेलेल्या माणसाचं प्रमोशन थांबत नाही. तुझं थांबेल. आणि एवढ्यावर भागणार नाही, लक्षात ठेव. आपल्याच माणसांची नावं सांगणारा म्हणून जन्मभर बघतील तुझ्याकडं." त्यांचा आवाज चढला. "मी ट्रक चालवला घाटात. ब्रेक धरत नाही, हे ठाऊक असून चालवला. कुणापाशी बोललो नाही. म्हणून आज पेन्शन घेऊन इथं बसलोय."

"आणि तुमच्या ट्रकमधले, अप्पा? ते सगळे बसलेत का घरी?"

समोरच्या भिंतीवर ट्रकपाशी उभ्या असलेल्या सहा जवानांचा फोटो होता. त्यातल्या दोघांची नावं विरुपाक्षांनी या घरात कधीच घेतली नव्हती. ते उठले आणि हात न धुताच बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

विरेशने आईकडे पाहिलं. बसव्वा ताटं गोळा करत होती.

"सह्या घेताना मला विचारलं नव्हतंस," ती म्हणाली. "आता काय विचारतोस? लिही."

त्याने दोन पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी मोठ्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवली आणि रविवारी मोहोळची एसटी धरली. सोनाली दारातच ज्वारी पाखडत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे पहाराच नव्हता."

"नव्हता, वहिनी. तो झोपला होता, पण सगळेच झोपले होते. त्याचा काही दोष नाही."

"मग तवा का न्हाय बोलला? पेटी हितं उतरवली, तवा तुमी माझ्याम्होरंच उभं व्हता की."

तिने चहाचं विचारलं नाही आणि विचारायला हवं होतं असं त्यालाही वाटलं नाही. परतताना चौकाजवळ तो नवीन गोठा दिसला. विटा चांगल्या भाजलेल्या होत्या.

आता वाचकाला वाटेल, सत्य बाहेर आलं, न्याय झाला. मलाही तसं लिहायला आवडलं असतं.

जूनमध्ये चौकशी संपली. बाकीच्या अठ्ठावीस जणांना पुन्हा विचारलं गेलं. अठ्ठावीस जणांनी सांगितलं, आम्ही सही ज्या त्या वेळीच करायचो. त्यात धनाजीच्या तंबूतले ते दोघेही होते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनाही घरं आहेत आणि त्या घरांत त्यांचे विरुपाक्ष बसलेले आहेत. पूर्ण नोंदवही मागवली, ती सापडली नाही. विरेशचं निवेदन उशिरा आलेलं, भावनेच्या भरात केलेलं आणि पुराव्यावाचूनचं ठरलं. धनाजीवरचा ठपका कायम राहिला. विरेशचं नाव यादीतून गेलं आणि त्याला कपड्यांच्या कोठारावर नेमलं. तिथे तो दिवसभर मोजे आणि कानटोप्या मोजतो. जेवताना त्याच्या शेजारची जागा रिकामी असते.

चौकीवर एक सुधारणा मात्र झाली. नोंदवहीत पंधरावा रकाना आला : 'वरील सही त्याच वेळी केली असल्याची सही.' एका जुन्या सोबत्याने महिन्याभराने चोरून फोन केला, तेव्हा विरेशने विचारलं, ती सही कधी घेतात?

"रविवारीच," तो म्हणाला.

विरेशने हे सगळं फोनवर घरी सांगितलं. विरुपाक्षांनी ऐकलं आणि फोन सुनेच्या हातात दिला. रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, पुसला आणि परत तिथेच लावला. नावं काही त्यांनी घेतली नाहीत.

त्याच आठवड्यात कारखान्यात तालमीच्या वहीचा नवा नमुना आला आणि सुपरवायझर पुन्हा सह्या घेत फिरू लागला. श्रीदेवीच्या मशीनपाशी आला, तेव्हा तिने हात मांडीवर ठेवले.

"आधी तालीम घ्या. मागचं दार उघडून दाखवा. मग करते."

चाळीस मशिनं क्षणभर थांबली. सुपरवायझर हसला.

"बाई, शाळा उघडल्या, दोन हजार गणवेश अजून जायचेत आणि तुला दार बघायचंय? सही नसेल तर उद्यापासून येऊ नको."

"बरं," श्रीदेवी म्हणाली. तो वही घेऊन पुढच्या रांगेत गेला. पुढच्या रांगेने सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी ती हिशोब मागायलाच म्हणून गेली. पण तिला कुणी अडवलं नाही. मशीन तिचंच होतं, गठ्ठा तिच्याच नावाचा होता. न राहवून ती सुपरवायझरच्या टेबलापाशी गेली आणि वही उघडून पाहिली. तिच्या नावापुढे बाराही रकान्यांत सही होती, तिच्या स्वतःच्या सहीपेक्षा सुबक.

शेजारच्या मशीनवरची उत्कर्षा मान वर न करता शिवत होती. सहा वर्षं दोघी एका डब्यात जेवत होत्या. श्रीदेवीच्या आजारपणात तिचं काम टिकावं, म्हणून हीच उत्कर्षा महिनाभर दोघींच्या वाट्याचं शिवत राहिली होती.

"तू केलीस?"

"घरात आता तुझ्या नवऱ्याचं तसं झालंय," उत्कर्षा हळूच म्हणाली. "तुझं पण काम गेलं असतं. मला नाही बघवलं गं."

श्रीदेवीला तिच्यावर रागावता आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या दाराशी गेली आणि एकटीच गठ्ठे ओढू लागली. डबे उघडून बसलेल्या बायका बघत राहिल्या. उठलं कुणी नाही. नववा गठ्ठा सरकवला, तेव्हा दार दिसलं. कडीला कुलूप होतं आणि ते इतकं गंजलेलं होतं, की किल्ली सापडली असती तरी फिरली नसती. सुट्टी संपल्याची घंटा झाली. संध्याकाळपर्यंत ते गठ्ठे पुन्हा जागेवर आले होते.

ही गोष्ट सैन्याची आहे, असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात, तुमच्या सोसायटीच्या लिफ्टपाशी अशी एक वही टांगलेली असेल. तिच्यात तुमची सही आहे का, हे मी विचारत नाही. ती असणारच. तुम्ही केली नसेल, तर तुमच्यावर माया करणाऱ्या कुणीतरी केली असेल. मला एवढंच विचारायचं आहे, की त्या सहीपुढे जी वेळ लिहिली आहे, त्या वेळी तुम्ही जागे होतात का?